शंकासुराची सही

माणसाला संशय घ्यायचाच असला तर जगात त्यासाठी माल भरपूर आहे. दूध नेहमीपेक्षा जास्त पांढरं दिसतं, शेजारी विनाकारण 'काय, बरं आहे ना?' विचारतो, भिंतीवरचं घड्याळ चक्क बरोबर वेळ दाखवतं. मात्र आपल्यासारख्यांना हे काम फावल्या वेळात आणि हौसेखातर करावं लागतं. आमच्या गोष्टीतल्या गृहस्थाची ती नोकरीच होती.

एका विमा कंपनीत तो एकोणीस वर्षं फोटोंची छाननी करत होता. कोणाची गाडी चेपली, कोणाच्या दुकानात पाणी शिरलं, कोणाचा फ्रिज जळाला, की त्या नुकसानीचे फोटो आधी ह्याच्या टेबलावर येत. एकाच फ्रिजवर तीन निरनिराळ्या गावांत वीज पडल्याचं त्यानेच पकडलं होतं. गाडीवर पडलेल्या एका झाडाची सावली मोजून, झाड दुपारी बाराला पडलं आणि वादळ संध्याकाळी सहाला आलं, हेही त्यानेच सिद्ध केलं होतं. कचेरीत त्याला शंकासुर म्हणत. म्हणत पाठीमागे, पण त्याला ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आपल्या पाठीमागे लोक काय म्हणत असतील, ह्याचा शोध घेण्यात तो जेवणाची सुट्टी घालवत असे.

ह्या शंकासुराचं एक तत्त्व होतं. जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याच्यावर तो सही करत नसे. लग्नाच्या नोंदणीच्या वेळी सुद्धा त्याने आधी बायकोच्या जन्मदाखल्याची मूळ प्रत मागितली होती. बायको इस्पितळात परिचारिका होती. तिने ती दाखवली आणि तेव्हापासून ती त्याच्याकडे थोडंफार रुग्ण म्हणूनच बघत आली. तिचा सगळा धीर इस्पितळात खर्च होत असला तरी ह्याच्यापुरता थोडा ती घरी आणत असे.

दोघांना दोन मुली. थोरली चौथीत आणि धाकटी बालवर्गात. थोरली मोजकं बोलायची आणि उरलेलं सगळं धाकटी बोलायची.

थोरलीच्या शाळेची एक रीत होती. हिवाळ्याच्या सुट्टीत तिसरी-चौथीच्या मुलांनी घराबाहेर पडायचं, निसर्गाचा एक फोटो काढायचा आणि शाळा उघडली की आणून द्यायचा. मग ते सगळे फोटो जिन्यापासून मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंतच्या भिंतीवर लागत आणि वर्षभर राहत. सुरुवातीला नुसता फोटो दिला की काम भागत असे. पण एका मुलाने 'आमच्या गच्चीवर आलेला पक्षी' म्हणून पेंग्विन आणून दिला. तेव्हापासून फोटोबरोबर एक छापील कागद जोडावा लागे. त्यावर लिहिलेलं असे : 'हा फोटो माझ्या पाल्याने स्वतः, माझ्या समक्ष काढला आहे.' खाली पालकाची सही.

बाकीचे पालक ती सही फोनवर बोलता बोलता करत. शंकासुराने गेल्या वर्षी केली नाही. थोरलीने कुंपणाच्या तारेवर गोठलेल्या दवाचा फोटो काढला तेव्हा तो न्हाणीघरात होता. दव त्याने पाहिलं नव्हतं, तार पाहिली होती. नुसत्या तारेवर सही करायला तो तयार होता, पण कागदात तशी सोय नव्हती. परिणामी भिंतीवर थोरलीच्या नावाच्या चिठ्ठीखाली वर्षभर चार टाचण्या आणि एक रिकामा चौकोन राहिला. ती रोज त्याच्यासमोरून वर्गात जायची. घरी येऊन ती कधी काही बोलली नाही, आणि ह्या गोष्टीचा संशय मात्र शंकासुराला आला नाही.

ह्या वर्षी कागद आला तेव्हा तिने तो त्याच्या ताटाशेजारी ठेवला. पुढच्या वर्षी ती पाचवीत, म्हणजे दुसऱ्या इमारतीत जाणार होती. भिंतीची ही शेवटचीच संधी.

"बाबा, या वेळी तुम्ही बरोबरच चला," ती म्हणाली. "सगळं तुमच्यासमोर करते. मग तर सही कराल ना?"

पोरीने आपल्याशी एखाद्या सराईत दावेदारासारखी बोलणी करावी, ह्याचं शंकासुराला वाईट वाटायला हवं होतं. त्याला कौतुक वाटलं. त्याने तीन दिवसांची रजा टाकली आणि कारणाच्या रकान्यात 'निसर्ग' असं लिहिलं. साहेबांनी त्याला बोलावून घेऊन दार लावून घेतलं आणि दुसऱ्या कंपनीत मुलाखत कधी आहे ते विचारलं.

इथपर्यंत प्रकरण आटोक्यात होतं. बायकोचा एक जुना मोबाईल घरात पडून होता. त्याची काच एका कोपऱ्यात तडकलेली असली तरी फोटो नीट निघत. पण तळमजल्यावरच्या चष्मेवाल्या काकांना ही पक्ष्यांच्या फोटोची मोहीम कळली आणि त्यांनी जिन्यातच वाट अडवली. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, त्यामुळे काचेशी संबंध असलेल्या प्रत्येक गोष्टीत आपला शब्द शेवटचा, असं ते मानत. पक्ष्यांचे फोटो मोबाईलवर काढणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं आहे, असं सांगून त्यांनी आपला कॅमेरा आणून दिला. त्याला मनगटापासून कोपरापर्यंत पोचेल एवढी लांब लेन्स होती. एवढी महागाची वस्तू हा माणूस आपल्याला फुकट का देतोय, हे शंकासुराला कळेना. कॅमेरा आधीच बिघडलेला असणार आणि मोडला म्हणून आपल्या माथी मारायचा बेत असणार, असं ठरवून त्याने कॅमेऱ्याचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले. काकांनी ते पाहिलं, पण ते दुखावले नाहीत. उलट, कॅमेऱ्याला डोळा लावायच्या आधी डोळा तरी तपासून घ्या म्हणाले आणि त्याला दुकानात नेऊन अक्षरं वाचायला लावली. नंबर वाढलेला निघाला आणि नवा चष्मा घ्यावा लागला. तेव्हा कुठे शंकासुराच्या जिवाला शांतता मिळाली, कारण कॅमेरा का दिला ते कळलं.

मोहिमेचा पहिला दिवस सार्वजनिक बागेत वाया गेला. बागेत फोटो काढायला बंदी नव्हती, पण असा कॅमेरा पाहिल्यावर फाटकावरच्या माणसाने त्यांना बागेच्या कचेरीत पाठवलं. तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी चित्रीकरणाचा अर्ज पुढे केला. अर्ज पाहून शंकासुराचा चेहरा खुलला, कारण अर्ज भरणं ही एकच कला त्याला अवगत होती. त्यात 'कलाकारांची संख्या' असा रकाना होता. थोरलीने सुचवलं, शून्य लिहा. पण शून्य लिहिलं आणि आत पक्षी निघाले तर ती खोटी माहिती ठरली असती. त्याने लिहिलं, 'अनिश्चित'. खिडकीवरच्या बाईंनी चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि संख्या निश्चित झाल्यावर या म्हणून सांगितलं. शिवाय परवानगी दुपारी तीन ते चारच्या दरम्यान मिळत असे आणि त्याच दिवसापुरती चालत असे. पहाटेचा फोटो काढायचा तर आदल्या दिवशीच्या दुपारी मिळालेली परवानगी पहाटेपर्यंत संपून गेलेली असे. ह्यात काहीतरी मोठा कट आहे हे शंकासुराने ओळखलं, पण त्यातून कोणाचा फायदा होतो ते काही त्याला शोधून काढता आलं नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी शंकासुर आणि दोन्ही मुली पाणीपुरवठा केंद्राच्या मागच्या बाजूला गेले. वस्तीच्या टोकाला एक कालवा होता, कालव्याच्या कडेला तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे पंपाची बैठी इमारत, जाड नळ आणि ते उघडण्या-मिटण्याची मोठमोठी लाल चाकं. माणसांची वर्दळ नव्हती, त्यामुळे पाखरं खूप. बायकोने सकाळी निघताना तिघांना इतके कपडे घातले की धाकटीचे हात अंगाला टेकेनात. शंकासुराला तिने तपकिरी माकडटोपी घातली. तीतून फक्त डोळे दिसत, आणि शंकासुराचे डोळे हा त्याचा सर्वांत कमी विश्वास वाटावा असा अवयव होता.

धुकं असं होतं की दहा पावलांवरचं झाड झाड आहे की माणूस ते कळत नव्हतं. थोरली कॅमेरा धरून एका जागी थांबायची, बघायची, पुन्हा थांबायची. तिला थांबता येत होतं. पण शंकासुराने तिला कामाची पद्धत समजावून दिली. फोटो म्हणजे पुरावा. वस्तूशेजारी पट्टी हवी, म्हणजे आकार कळतो. कोपऱ्यात नंबराची चिठ्ठी हवी, म्हणजे अदलाबदल होत नाही. आणि प्रत्येक वस्तूचे चारी बाजूंनी चार फोटो. एकोणीस वर्षांत हीच पद्धत न पाळल्यामुळे किती दावे त्याने फेटाळले होते, ते त्याने चालता चालता सांगितलं.

पट्टी धरायचं काम धाकटीकडे आलं. तिलाही फोटो काढायचा होता, पण ती लहान असल्यामुळे तिने पट्टीच धरावी असं ठरलं. तिने गवताच्या पात्याशेजारी पट्टी धरली. गारठलेल्या गोगलगायीशेजारी धरली. गोगलगाय पद्धतीला धरून वागली. मग कुंपणावर एक कावळा बसला होता, त्याच्याकडे ती पट्टी घेऊन सरळ चालत गेली. कावळ्याने मान वाकडी करून पट्टीकडे पाहिलं आणि तो मोजमाप न देता उडाला. तासाभरात थोरलीने एकशे त्रेसष्ट फोटो काढले आणि त्यातल्या एकातही पक्षी नव्हता. ती पाय ओढत चालायला लागली. कुंपणाच्या एका भोकात कोळ्याने सुंदर जाळं विणलं होतं आणि त्यावर दवाचे मणी होते. ते बघून तिचा चेहरा जरासा उजळला. शंकासुराने आधी भोकाची रुंदी घ्यायला सांगितली.

"हात वर," धुक्यातून आवाज आला.

हा केंद्राचा पहारेकरी होता. त्याला काय दिसलं ते आपण त्याच्या बाजूने पाहायला हवं. माकडटोपी घातलेला एक इसम गुडघ्यावर बसून कुंपणाचं भोक पट्टीने मोजतोय, त्याच्या हातातल्या वहीत टिपून ठेवलेले आकडे, आणि बरोबर संशय येऊ नये म्हणून आणलेली दोन मुलं. शंकासुराच्या टेबलावर असा फोटो आला असता तर त्याने दोन मिनिटांत प्रकरण वर पाठवलं असतं. पहारेकऱ्यानेही तेच केलं. साहेब दहाला येतात, तोवर आत बसा, म्हणाला. मुलींना त्याने कचेरीच्या बाहेरच्या पायऱ्यांवर बसवलं, आपल्या डब्यातली बिस्किटं दिली, आणि कॅमेरा जप्त केला. थोरलीच्या खिशात आईचा जुना मोबाईल होता, पण तो मागावा असं त्याला सुचलं नाही. शंकासुराला त्याच्या कामातली ही त्रुटी तेव्हाही खटकली, पण निदर्शनास आणून द्यायला त्याने वेळ योग्य नाही असं ठरवलं.

साहेब दहाला दहा कमी असताना आले. सडपातळ, गळ्याला मफलर, आणि चेहऱ्यावर भाव असा नाहीच. हा आपल्याच जातकुळीचा माणूस आहे हे शंकासुराने पहिल्या नजरेत ओळखलं, आणि आयुष्यात प्रथमच त्याला त्याचा आनंद झाला नाही. साहेबांनी खुर्ची खिडकीकडे पाठ येईल अशी मांडून त्याला बसवलं आणि कॅमेऱ्यातले फोटो एकेक करून पुढे सरकवायला सुरुवात केली.

"हे काय आहे?"

"दव आहे."

"दवाची लांबी कशासाठी मोजलीत?"

 उत्तर होतं, पण ते मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं. साहेबांनी पुढचा फोटो काढला. त्यात गवताचं पातं होतं, कोपऱ्यात 'सात' नंबराची चिठ्ठी होती, आणि पात्यामागे केंद्राचा मुख्य नळ अगदी सुरेख आला होता. निसर्गाचा फोटो काढायचा होता तर झाडावर चिठ्ठी का लावली, पक्षी हवे होते तर एकही पक्षी का नाही, आणि शाळेचं काम मुलीचं होतं तर पट्टी आणि वही बापाच्या हातात का, असं साहेबांनी शांतपणे विचारलं. प्रत्येक प्रश्न रास्त होता. शंकासुराने स्वतः ह्याहून वेगळे विचारले नसते. तो खरं बोलत होता आणि जसजसा जास्त खरं बोलत होता तसतशी ती कहाणी त्याच्याच कानांना खोटी वाटायला लागली. कपाळावर घाम आला. हिवाळ्यात घाम येणाऱ्या दावेदाराबद्दल त्याने एकदा कचेरीत सगळ्यांना व्याख्यान दिलं होतं.

शेवटी साहेबांनी त्याच्या कचेरीत फोन लावला. तिकडून त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या मुलीने फोन उचलला. हे गृहस्थ तुमच्याकडे कामाला आहेत का, एवढंच साहेबांनी विचारलं. तिने नम्रपणे सांगितलं की फोनवरून कोणाचीही ओळख पटवता येत नाही, लेखी अर्ज पाठवा, सोबत ओळखपत्राच्या दोन प्रती जोडा. हा नियम शंकासुराने स्वतः केला होता आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला तो अधूनमधून आवाज बदलून फोनही करत असे. ती पोरगी त्या फोनांना आता सरावली होती. आजचा फोनही तिने त्यातलाच समजला.

मग बायकोला बोलावलं. ती इस्पितळातून, पांढऱ्या गणवेशावर स्वेटर घालून आली. तिने साहेबांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं.

"साहेब, ह्यांच्यापासून तुमच्या पाण्याला धोका नाही," ती म्हणाली. "हे घरी सुद्धा उकळलेलं पाणी पुन्हा उकळायला लावतात."

साहेबांच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी हललं. बहुधा त्यांच्या घरीही तीच पद्धत असावी. त्यांनी एक जबाब लिहून घेतला, कॅमेऱ्यातले एकशे त्रेसष्ट फोटो स्वतःच्या हाताने पुसले आणि सगळ्यांना सोडून दिलं. शंकासुराने पोच मागितली. बायकोने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

सगळे घरी आले. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती. फोटो एकही नव्हता. कॅमेरा काकांना परत गेला. काकांनी तो घेताना चारी बाजूंनी त्याचे फोटो काढले. शंकासुर खुर्चीत बसून राहिला. मनात एकच गोष्ट खुपत होती, भिंतीवरचा चौकोन ह्याही वर्षी रिकामा राहणार. आणि या वेळी न्हाणीघरात असल्याचं कारणही त्याच्यापाशी नव्हतं.

संध्याकाळी थोरली आली आणि तिने मोबाईल त्याच्यासमोर धरला. तडकलेल्या काचेखाली एक खंड्या होता. लाल चाकावर बसलेला, निळा, इतका निळा की खोली उजळल्यासारखी वाटली. चोचीत मासा होता, माशाच्या शेपटीचा एक थेंब हवेत सुटलेला होता, आणि पाठीमागे धुकं फाटून ऊन आत येत होतं. फोटोत पट्टी नव्हती, चिठ्ठी नव्हती, काही नव्हतं.

"आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो तेव्हाचा आहे," ती म्हणाली. "मी काढला."

आता कोणताही बाप इथे पोरीला मिठी मारेल. शंकासुराने चष्मा पुसला. फोटो फारच चांगला होता, आणि चांगल्या फोटोवर त्याचा मुळीच विश्वास नव्हता. त्याने विचारायला सुरुवात केली. चाक पायऱ्यांपासून किती लांब होतं? सावली कोणत्या बाजूला होती? पक्षी आधी आला की मासा आधी दिसला? उडाला तो कुठे? थोरली एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेली. उत्तरं बरोबर होती. सावली जुळत होती, वेळ जुळत होती. एवढं सगळं जुळतं म्हटल्यावर शंकासुराचा संशय बळावला. धाकटी एरवी अशा वेळी दोघांच्या मध्ये तोंड घालायची. आज ती कोपऱ्यात ताईची नवी कोरी कंपासपेटी मांडीवर घेऊन गुपचूप बसली होती, आणि ह्या एकाच गोष्टीत शंकासुराला काही वावगं दिसलं नाही.

"पण हे माझ्या समक्ष झालं नाही," तो शेवटी म्हणाला.

थोरलीने मोबाईल खाली ठेवला. तिचा आवाज अगदी साधा होता.

"बाबा, तुम्ही त्या साहेबांना खरं तेच सांगत होतात ना? तरी त्यांना पटत नव्हतं."

एवढं बोलून ती आत गेली.  पाठ खिडकीकडे करून मांडलेली ती खुर्ची, मफलरवाल्याचा शांत आवाज, आणि बोलता बोलता खोटं वाटायला लागलेलं आपलं खरं, सगळं शंकासुराला पुन्हा जसंच्या तसं जाणवलं. त्याला लाज वाटली. एकोणीस वर्षांत त्या खुर्चीत त्याने किती लोकांना बसवलं होतं, आणि त्यातल्या एखाद्याच्या फ्रिजवर खरंच दोनदा वीज पडली असेल का, हा विचार त्याच्या मनात आला. त्याने तो लगेच झटकला. पण तो गेला नाही.

त्याने छापील कागद पुढे ओढला. 'माझ्या समक्ष' हे शब्द पट्टी लावून नीट खोडले, वर लिहिलं, 'माझ्या पाठीमागे', खोडल्या जागी आद्याक्षरं घातली आणि खाली सही केली. असं काम त्याने जन्मात केलं नव्हतं.

सकाळी तो थोरलीला घेऊन शाळेत गेला. वर्गशिक्षिका बाईंनी फोटो पाहिला, मग कागद पाहिला, आणि मग शंकासुराकडे पाहिलं. खाडाखोड केलेला कागद चालत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यात 'पाठीमागे' हा काय प्रकार आहे, आणि आपण पाहिलं नाही तर हा फोटो मुलीनेच काढला हे कशावरून म्हणता, असंही विचारलं. प्रश्न अचूक होता. शंकासुराने आपल्या आयुष्यात हजारदा विचारला होता आणि त्याला उत्तर नसतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"ती म्हणाली म्हणून," तो म्हणाला.

"एवढ्यावर मी विश्वास ठेवायचा?"

"तुम्ही नका ठेवू, बाई. मी ठेवलाय. म्हणून सही माझी आहे."

 बाईंनी फोटो आणि कागद एकत्र टाचले आणि भिंतीवर लावायच्या गठ्ठ्यात ठेवले. शाळा भरायला अजून अर्धा तास होता. बापलेक बाहेर फाटकापाशी आले. शंकासुराला छाती चार इंच रुंद झाल्यासारखी वाटत होती. एखाद्यावर विश्वास ठेवणं हे इतकं सोपं आणि स्वस्त काम असेल अशी त्याला कल्पना नव्हती. उद्यापासून कचेरीतही थोडाथोडा ठेवून पाहावा, असं त्याच्या मनात आलं.

"बाबा," थोरली म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. "तो फोटो मी नाही काढला. धाकटीने काढला."

शंकासुराला आधी ऐकूच आलं नाही, मग आलं.

"आणि तू कुठे होतीस?"

"तिथेच होते. पण मी खिडकीतून आत बघत होते. तुमच्याकडे." तिने दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला. "ते तुम्हाला घेऊन जातील असं वाटत होतं. मोबाईल तिच्या हातात होता. ती म्हणाली, ताई, निळा पक्षी, मासा खातोय. मी वळून बघेपर्यंत तो उडालासुद्धा. मग मी तिला कंपासपेटी दिली, कोणाला सांगू नको म्हणून."

काल संध्याकाळी त्याने सव्वीस प्रश्न विचारले होते. सावली मोजली होती. त्यातून हे निघालं नव्हतं, आणि आज काहीही न विचारता निघालं. शंकासुराला तिच्यावर रागवायचं होतं. पण ती पायऱ्यांवर उभी राहून, थंडीत, काचेला नाक लावून आपल्याकडे बघतेय, आणि तिच्या मागे तो खंड्या येऊन, मासा खाऊन, निघून गेला, एवढंच त्याला दिसत राहिलं.  त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"मी बाईंना सांगून येते," ती म्हणाली. "त्या काढून टाकतील फोटो. टाकू देत." मग दोन पावलं जाऊन ती वळली. "तुम्ही येता? मी खरं सांगते की नाही बघायला?"

वर्ग तळमजल्यावरच होता आणि त्याची खिडकी फाटकातून सरळ दिसत होती. उघडीही होती. चार पावलं पुढे जाऊन टाचा उंचावल्या असत्या तर आतलं सगळं दिसलं असतं आणि ऐकूही आलं असतं.

"तू जा," शंकासुर म्हणाला. "मी इथेच आहे."

ती आत गेली. तिने खाली ठेवलेलं दप्तर शंकासुराने खांद्याला अडकवलं, खिडकीकडे पाठ केली आणि ती परत येईपर्यंत रस्त्यावरची रहदारी बघत उभा राहिला.